चपराक हवी, सोमवारपर्यंत!

गेल्या दहा वर्षांत तुम्ही एखादा कन्नड सिनेमा पाहिला असेल, तर तुम्ही मला ऐकलेलं आहे! पाहिलेलं नाही. पण ऐकलेलं नक्की!

हिरो बूट वाजवत खलनायकाच्या अड्ड्यावर येतो ना? ते बूट माझे. हिरॉईन पैंजण छुमछुम करत जिना उतरते? ते पैंजण माझ्या पायात. एका सिनेमात तर चोर पळतो, त्याच्यामागे पोलीस पळतात आणि पोलिसांमागे कुत्रा पळतो. ती अख्खी मिरवणूक मी एकट्यानं, एका फरशीवर उभं राहून पळून दाखवली आहे. कुत्र्यासकट!

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? तर त्याचं असं आहे. शूटिंग चालू असतं तेव्हा कॅमेरा घरघरतो, डायरेक्टर ओरडतो, वरून विमान जातं आणि मागे कुणीतरी शिंकतं. त्यातलं काही ठेवता येत नाही. म्हणून सिनेमातले आवाज नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत बघत, पुन्हा करायचे असतात. ते मी करतो. गंमत अशी, की खऱ्या वस्तूचा आवाज पडद्यावर खोटा वाटतो! कबुतर उडालं, की मी छत्री उघडतो. जंगलाला आग लागली, की पापडाचा कागद चुरगाळतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज घोड्यावर बसून बंगळुराला आले आणि परत जायचे विसरले. त्यांचा हा वंशज संताजी आज त्याच गावात तोंडानं घोडा खिंकाळवतो आणि पोट भरतो!

म्हणून त्र्याण्णव साली वासुदेवमूर्तींनी जेव्हा मला विचारलं, "संताजी, एक चपराक पाहिजे, जमेल का?" तेव्हा मी हसलो.

"सर, एक कशाला? डझनभर देतो! निवडून घ्या."

वासुदेवमूर्ती म्हणजे आमचे डायरेक्टर. बारीक माणूस, मोठा चष्मा, आणि कान असे, की पलीकडच्या खोलीत कुणी साखर विरघळवली तर विचारतील, "किती चमचे?" त्यांच्या सिनेमात एक म्हातारी विधवा आई आपल्या मुलाला शिकवून मोठा करते. तो मंत्री होतो आणि गावचं तळं विकून टाकतो. मग भर सभेत ती म्हातारी स्टेजवर चढते आणि मुलाच्या थोबाडीत देते. झालं! सिनेमा संपला. त्यामुळे दोन तास वीस मिनिटांचा सगळा सिनेमा त्या एका चपराकेकडे चाललेला होता.

मी स्टुडिओत पहिल्यांदा हातावर हात मारला.

"ही टाळी आहे," मूर्ती म्हणाले. "आई मुलाला शाबासकी देते का?"

मी ओला टॉवेल दगडावर आपटला.

"हा धोबी."

मी उशीवर पट्टा मारला.

"हा गादीवाला."

असे आठ दिवस गेले! मी चामड्यावर मारलं, रबरावर मारलं, स्वतःच्या मांडीवर तर इतकं मारलं, की बसमध्ये बसायची चोरी झाली. शनिवारी सकाळी मूर्तींनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा काहीतरी वाईट होणार असतं.

"संताजी, सोमवारी सकाळपर्यंत चपराक मिळाली तर ठीक. नाहीतर मी मद्रासहून माणूस बोलावतो. तो म्हणे थप्पड माशानं काढतो. ताज्या माशानं!"

मद्रासचा माणूस! माझ्या स्टुडिओत! माझ्या फरशीवर! एकदा तो आला असता तर पुढच्या सिनेमात बूटही त्याचे आणि पैंजणही त्याचे. मग मी काय करायचं? कुत्रा?

"सर," मी छाती पुढे काढून म्हणालो, "हा रेकॉर्डर दोन दिवस घरी नेऊ द्या. सोमवारी तुमच्या टेबलावर अशी चपराक ठेवतो, की तुम्हीच गाल धराल!"

---

आम्ही राहायचो बनशंकरीला. वरच्या मजल्यावर मी, माझी बायको भाग्यलक्ष्मी आणि आई मालनबाई. खाली घरमालक सुधींद्र अण्णा आणि त्यांच्या पत्नी श्यामला अक्का. अण्णा तळ्यांची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यातून रिटायर झालेले. कांदा-लसूण न खाणारे, मोठ्यानं न हसणारे, आणि डोक्यावर एकही केस न ठेवणारे. घर भाड्यानं देताना त्यांनी एकच अट घातली होती, "घरात शांतता पाहिजे. आमची गल्ली सभ्य आहे."

शनिवारी दुपारी दोनला गल्ली झोपली, तसा मी कामाला लागलो. बाहेरची रिक्षा, कावळा, भाजीवाला आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या आणि खिडक्यांना गाद्या लावल्या.

"संतू, गादीत ढेकूण झाले का रे?" आईनं विचारलं.

"नाही आई. बाहेरचा आवाज आत नको यायला."

"आणि आतला बाहेर गेला म्हणजे?"

या प्रश्नाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही! पंख्याच्या हुकाला माइक लटकवला, खाली खुर्ची ठेवली, रेकॉर्डर चालू केला आणि पहिली थापट मारली ती सकाळच्या उरलेल्या रागी मुद्द्यावर, म्हणजे नाचणीच्या उकडीच्या गोळ्यावर. रेकॉर्डरवरचा काटा जागचा हलला नाही. हात मात्र मुद्द्यात अडकला! आईनं हात सोडवला आणि अन्नाशी खेळलो म्हणून तोच मुद्दा मला सांबारात बुडवून खायला लावला. मग दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलेला कोहळा काढून आणला. त्याला चपराक दिली. 'ढब्!' मंत्र्याच्या थोबाडीत दिली की त्याचं पोट बडवलं, कळेना. आईनं कोहळा माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि त्याची माफी मागून परत टांगला.

भाग्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "अहो, एवढं करताय त्यापेक्षा एकदा खरीच मारून बघा की!"

"कुणाला?"

भाग्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"एकुलता एक आहे माझा," आई म्हणाली. मला भरून आलं. "पण गाल दोन आहेत त्याला," तिनं वाक्य पुरं केलं.

मी भाग्याला हातातल्या बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. मधे किणकिण नको, आवाज कसा स्वच्छ हवा! मग खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "मार."

तिनं मारली. पावडर लावतात तशी!

"अगं, माशी हाकलतेस का?" आई कडाडली. "मार म्हणते ना मी! मागच्या दिवाळीला साडी आणतो म्हणाला आणि रिकाम्या हातानं आला, ते आठव!"

भाग्याला आठवलं.

"आई गं!" मी ओरडलो.

"काय रे?" आईनं ओ दिली.

"तुला नाही हाक मारली! रेकॉर्डिंग बिघडलं ना! पुन्हा!"

पुन्हा मारली. पुन्हा माझ्या तोंडून "आई गं!" निघालं, आणि पुन्हा आईनं "काय रे?" म्हणून विचारलं. चाळीस वर्षांची सवय, ती बिचारी तरी काय करणार? चौथ्या वेळी आईनं सांगितलं, "मनगट सैल सोड, मग जोर बसतो." पाचव्या वेळेपासून भाग्याला काही आठवून द्यायची गरज राहिली नाही. तिचं तिला आठवायला लागलं! सातव्या चपराकेला तिनं माझ्या बहिणीचं नाव घेतलं. नवव्या चपराकेचं कारण मला आजही माहीत नाही.

अकरा चपराका झाल्यावर मी टेप ऐकली. 'फुस्!' अकराही वेळा 'फुस्!' जणू दुधाची पिशवी ओट्यावरून पडली! माझ्या खऱ्या गालानं, खऱ्या बायकोकडून, खरोखर खाल्लेला मार, आणि आवाज सगळा खोटा!

मी गादीवर आडवा झालो. भिंतीला टेकवलेल्या गादीवर. त्यामुळे खाली घसरलो.

---

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तेव्हा माझा डावा गाल बशीएवढ्या तट्टे इडलीसारखा झाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी सुधींद्र अण्णा उभे. एरवी मान हलवून पुढे जाणारा माणूस, पण आज जवळ आले. माझ्या गालाकडे बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला. आम्ही अर्थात कन्नडमध्ये बोलत होतो, मी मराठीत सांगतो.

"संताजी, कधीपासून चाललंय हे?"

मला वाटलं, खाली आवाज गेला असणार आणि अण्णांना माझं काम कळलं असणार. कुणीतरी आपल्या कामाची चौकशी करतंय, याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"आठ दिवस झाले अण्णा. आधी स्टुडिओत चाललं होतं. घरी कालच पहिल्यांदा."

अण्णांनी डोळे मिटले. "स्टुडिओत? चारचौघांसमोर?"

"त्यात काय लाजायचं? आमचे डायरेक्टर तर समोर उभे राहून सांगतात, अजून जोरात पाहिजे!"

"आणि तुमच्या आई? त्या काही बोलत नाहीत?"

"आईचाच तर मोठा आधार आहे! मनगट कसं सैल सोडायचं, हे भाग्याला तिनंच शिकवलं."

अण्णांच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली. 'फुस्!' अगदी तोच आवाज!

"स्वल्प दुखत असेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुखतं हो. पण उद्यापर्यंत जमायलाच हवं. नाही जमलं तर मद्रासहून माणूस बोलावणार आहेत."

"कशाला?"

"मारायला! तो म्हणे माशानं मारतो."

अण्णा पडलेली पिशवी न उचलताच घराकडे निघून गेले. कलेची कदर असलेला माणूस, मी मनात म्हटलं.

आणि काय सांगू तुम्हाला, त्या सकाळी गल्ली आमच्यावर अशी काही फुलं उधळायला लागली! अक्कांनी खालून माझ्यासाठी गरम केसरीभात पाठवला. समोरच्या निवृत्त मास्तरांनी मलम आणून दिलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं माझा शर्ट आधी हातात घेतला आणि डोळे पुसले. भाग्या भाजी घ्यायला गेली, तर भाजीवालीनं घासाघीस न करता टोमॅटो निवडून दिले आणि वर कडीपत्त्याची जुडी हातात कोंबली. नळावर बायकांनी तिला पुढे जाऊ दिलं. पलीकडची नवी नवरी तर तिच्या मागे मागे आली आणि कानात म्हणाली, "अक्का, सुरुवात कशी करायची?"

"कशाची गं?" भाग्यानं विचारलं.

"तेच," ती म्हणाली आणि लाजून पळाली.

"सिनेमावाल्याची बायको म्हणून मान देतात हो," भाग्या मला म्हणाली. मी केसरीभात खाता खाता मान हलवली. उजव्या बाजूनं चावत होतो, पण एकूण सुखात होतो!

---

दुपारी तीनला दार वाजलं. मी नुकतंच रेकॉर्डर चालू करून बसलो होतो. उजवा गाल अजून शिल्लक होता!

दारात तिघं. अण्णा, अक्का आणि त्यांच्यामागे प्रतापराव! प्रतापराव म्हणजे आमच्या बंगळुरातल्या मराठा समाजाचे वडीलधारे. पांढऱ्या मिशा, हातात काठी. कुणाचं लग्न मोडायला आलं, की त्यांना बोलावतात. ते दारात दिसले म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, हे लहान पोरालाही कळतं. मी विचार करायला लागलो, कुणाचं लग्न मोडतंय?

"या, बसा ना!" म्हणालो. माइकखालच्या खुर्चीत अण्णा बसले. अक्का त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. खिडक्यांच्या गाद्या बघून प्रतापरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"संताजी," त्यांनी सुरुवात केली, "आपल्या पूर्वजांनी लढाया केल्या. पण कुठे? रानात. मैदानात. स्वयंपाकघरात नाही!"

"खरं आहे काका," मी म्हणालो. मला वाटलं, समाजाच्या कार्यक्रमाचं भाषण आहे.

"सूनबाई," ते भाग्याकडे वळले, "नवरा चुकतो. नवरा विसरतो. नवरा कधी कधी दगडासारखा असतो. पण म्हणून त्याच्यावर हात उचलायचा नसतो!"

भाग्याच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. "मी? मी यांच्यावर हात उचलते?"

"सगळ्या गल्लीनं ऐकलंय," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "अकरा वेळा. मी मोजल्या. मोजणी खात्यात होतो मी."

भाग्याचा चेहरा लालबुंद झाला. टोमॅटो, कडीपत्ता, नळावरचा मान, सगळ्याचा अर्थ एकदम तिच्या डोक्यात शिरला असावा. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आता बारावी बसणार, तीही न मागता!

"देवा रे!" आईनं कपाळावर हात मारला. "अहो प्रतापराव, पोरीचा काही दोष नाही! तिला मार म्हणून मीच सांगितलं!"

हे ऐकून प्रतापराव काठीचा आधार घेत खाली बसले.

मी तोंड उघडलं. सगळं सांगणार होतो. मूर्ती, मंत्री, मद्रास, मासा, सगळं! पण त्याच क्षणी एक डास आला. आदल्या दुपारपासून खिडक्या बंद होत्या, खोलीत डासांचं राज्य झालं होतं. त्यातला एक, चांगला जाडजूड, अण्णांच्या डोक्याभोवती दोन फेऱ्या मारून बरोबर मधोमध उतरला. अण्णा दुःखात होते, त्यांना कळलं नाही. अक्कांना दिसला. अक्कांनी हात उचलला.

चपराक!!

काय सांगू! ती नुसती चपराक नव्हती. आधी तळव्याचा सणसणीत कडकडाट. त्याच्यामागून अक्कांच्या हातातल्या सोन्याच्या चार बांगड्यांची एकमेकींवर आदळून झालेली बारीकशी किणकिण. आणि मग शांतता. अशी शांतता, की तिच्यात आपण केलेलं सगळं आपल्याला आठवावं!

रेकॉर्डरचा काटा लाल रेघेला जाऊन भिडला आणि थरथरत परत आला.

"अय्यय्यो!" अण्णा ओरडले.

"मिळाली!" मी उडी मारली. "अक्का, मिळाली! वन्स मोअर! अगदी तशीच! हात पुसू नका!"

पण माझ्याकडे लक्ष कुणाचं होतं? अण्णा उभे राहिले होते. दोन्ही हातांनी डोकं धरलेलं.

"चारचौघांत!" ते म्हणाले. "परक्याच्या घरात! बत्तीस वर्षांनी!"

"डास होता हो!" अक्का म्हणाल्या.

"कुठाय? दाखव!"

अक्कांनी मूठ उघडली. हात स्वच्छ! डास निसटला होता, आणि आता गादीवर बसून मजा बघत असावा.

"बघितलंत?" अण्णा प्रतापरावांना म्हणाले. "पुरावा नाही!"

"बत्तीस वर्षांत एकदा हात उचलला, तोही डासावर!" अक्कांचा आवाज चढला. "आणि तुम्ही पुरावा मागता? तळं मोजताय का?"

प्रतापरावांनी मोठा श्वास घेतला, तोंड आमच्याकडून अण्णा-अक्कांकडे फिरवलं आणि काठी आपटली. "हे बघा. आपल्या पूर्वजांनी लढाया केल्या..." मग ते थांबले. "तुमच्या पूर्वजांचं मला ठाऊक नाही. पण स्वयंपाकघरात नको, एवढं खरं!"

शेवटी मीच मधे पडलो आणि सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. मग टेप मागे फिरवली आणि लावली.

चपराक. किणकिण. शांतता.

आई पदर तोंडाला लावून बसली. प्रतापराव दबक्या आवाजात म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावली. आणि मला माझी चूक कळली! मी भाग्याच्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. स्वच्छ आवाज हवा म्हणे! अरे, मारणारा हात कुणाचा, हे त्या बांगड्यांशिवाय कळणार कसं? बांगड्या नसल्या तर तो नुसता धपाटा. बांगड्या वाजल्या, की ती आई!

"हा माझा हात?" अक्का हळूच म्हणाल्या.

"आणि हे माझं डोकं," अण्णा म्हणाले. "संताजी, हे जर सिनेमात वाजलं, तर महिनाअखेर दुसरं घर बघा!"

आणि ते खाली निघून गेले.

---

सोमवारी मूर्तींनी चपराक ऐकली. चष्मा काढला. मी घाबरलो. पण त्यांनी डोळे पुसले.

"कुणाचा गाल?"

"डोकं आहे सर. माझ्या घरमालकांचं. पण वापरता येणार नाही."

सगळी हकिगत ऐकून ते उठले आणि म्हणाले, "चल." त्यांच्या जुन्या अँबॅसेडरमधून आम्ही तडक बनशंकरीला आलो. सगळ्या रस्त्यात माझ्या डोळ्यांसमोर एकीकडे मद्रासचा माणूस मासा घेऊन उभा होता, आणि दुसरीकडे मी, आई, भाग्या, दोन ट्रंका आणि कोहळा!

अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. अक्का त्यांच्याशी बोलत नव्हत्या. म्हणजे खालच्या मजल्यावर अण्णांना हवी होती ती शांतता पुरेपूर होती! मूर्तींनी नमस्कार केला आणि परवानगी मागितली.

"माझा हात आहे, मी दिली परवानगी," अक्का आतून म्हणाल्या.

"डोकं माझं आहे," अण्णा पेपरामागून म्हणाले. "लोक हसतील."

"कुणाला कळणार आहे सर?" मूर्ती म्हणाले. "पडद्यावर तुम्ही नसणारच. एक आई आहे, एक मुलगा आहे. मुलगा मंत्री आहे. त्यानं गावचं तळं विकलंय..."

पेपर खाली आला.

"तळं?"

"हो."

"कुठलं तळं?"

"काल्पनिक आहे सर. कथेतलं."

"किती एकर?"

मूर्ती गडबडले. "चाळीस... असेल."

अण्णा उभे राहिले. तेहतीस वर्षं त्या माणसानं साखळी घेऊन बंगळुरातली तळी मोजली होती. दर पाच वर्षांनी पुन्हा मोजायला जायचे, तर तळं आणखी आकसलेलं! एका ठिकाणी तर साखळी घेऊन गेले आणि समोर बस स्टँड. हे सगळं त्यांनी त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. आतून अक्का बाहेर आल्या आणि दाराला टेकून ऐकत राहिल्या.

"चाळीस एकर!" शेवटी अण्णा म्हणाले. "आणि एकच चपराक?"

"एकच आहे सर," मूर्ती अपराधी चेहऱ्यानं म्हणाले.

"मग चांगली मोठ्यानं वाजवा! सरी?"

"सरी! ठीक आहे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

अक्कांनी सगळ्यांना कॉफी दिली. अण्णांना जरा जास्त डिकॉक्शन घालून, कडक दिली, ते मी पाहिलं.

---

सिनेमा लागला तेव्हा आम्ही पाचही जण पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला गेलो. मॅजेस्टिकजवळचं थिएटर, हाऊसफुल्ल! अण्णांनी जरीकाठी उपरणं घेतलं होतं आणि डोक्याला खोबरेल तेल लावलं होतं. जणू पडद्यावर तेच दिसणार होते! अक्का बांगड्या सावरत दोन तास वीस मिनिटं ताठ बसून होत्या. आई पहिल्या पाच मिनिटांत झोपली.

शेवटची सभा आली. म्हातारी स्टेजवर चढली. मंत्र्यानं हसून हात जोडले. म्हातारीनं हात उचलला.

चपराक!

किणकिण.

आठशे माणसांचं थिएटर, पण शेंगा फोडायचा आवाज थांबला! आई दचकून जागी झाली आणि म्हणाली, "काय रे?" मग कुठूनतरी पहिली शिट्टी आली आणि पाठोपाठ टाळ्यांचा असा पाऊस, की छताचा पंखा हलला. भाग्यानं अंधारात माझा हात धरला. मी शेजारी बघितलं, तर अण्णा तळव्यानं हळूहळू आपलं डोकं कुरवाळत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

आमच्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "बघ, खरोखर मारली त्या बाईनं! किती मोठी आर्टिस्ट आहे! काय हात आहे!"

अण्णांना राहवलं नाही. ते पुढे वाकले आणि त्या माणसाच्या कानाशी अभिमानानं म्हणाले, "अदु नन्न तले!" म्हणजे, ते माझं डोकं आहे!

त्या माणसानं मागे वळून पाहिलं. खालपासून वरपर्यंत. मग बायकोला हळूच म्हणाला, "ऊठ, पलीकडे बसू. मागचा माणूस पिऊन आलाय."

जन्मात कांदा न खाल्लेले आमचे अण्णा! "अहो, खरंच!" ते मोठ्यानं म्हणाले. "हात हिचा, डोकं माझं! विचारा यांना! संताजी, सांगा ना त्यांना!"

तीन रांगा वळल्या. डोअरकीपरची बॅटरी आमच्यावर आली.

आणि मी? आता तुमच्यापासून काय लपवायचं! मी सरळ पडद्याकडे बघत राहिलो. म्हटलं, कोण हे गृहस्थ?